कणा आणि श्वास

पाण्याने भरलेली बादली उचलण्यासाठी एखादा गृहस्थ सहज वाकतो आणि त्याच्या कंबरेत उसण भरते. त्या क्षणी त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेत काय येते? हात बादलीच्या कडीवर तसाच राहिलेला असतो, तोंड अर्धवट उघडे असते, पोट आवळलेले असते आणि श्वास जागच्या जागी थबकलेला असतो. घरातील माणसे धावतात. पत्नी म्हणते, "अहो, आधी श्वास घ्या बघू." शेजारचा तरुण म्हणतो, "काका, मणका सरकला असेल." आणखी कोणी अनुभवी सांगतो, "मणक्यात गॅप पडली असणार. आता वाकायचे नाव काढू नका." पुढे शेक होतो, लेप होतो, चार-आठ दिवसांत उसण उतरतेही. परंतु मणका सरकल्याचे ते वाक्य मात्र मनातून उतरत नाही. तो गृहस्थ नातवाला उचलून घेणे टाळतो, जमिनीवर बसणे सोडतो, खुर्चीतून उठतानाही श्वास रोखून धरतो. उसण गेली, पण उसणीचा पहारा तसाच राहिला, अशी त्याची अवस्था होते.

रोखलेला श्वास आणि मनात बसलेले ते वाक्य, ह्या दोन्ही गोष्टी पाठदुखीत क्षुल्लक नाहीत. ह्यांपैकी पहिली शरीराची आहे, दुसरी मनाची आहे. पण दोन्ही मिळून पाठीला ताठर करतात. गेल्या सव्वाशे वर्षांत हाताने पाठीवर उपचार करण्याची जी एक पद्धती अमेरिकेत उदयाला आली आणि पुढे जगभर पसरली, तिचा प्रवास पाहिला म्हणजे ह्या दोन्ही गोष्टींचे महत्त्व स्पष्ट होते. मात्र त्या प्रवासाकडे वळण्यापूर्वी कणा आणि श्वास ह्यांची शरीरातील सोयरीक समजून घेतली पाहिजे.

आपण कणा म्हणतो तो एकच एक दांडा नव्हे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या खाली त्रिकास्थी व माकडहाड ही जुळून गेलेली हाडे असतात. मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो आणि त्याच्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या दोन्ही बाजूंना फुटतात. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या सांध्यांनी जोडलेल्या आहेत. श्वास आत घेतला की बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. शरीररचनेचे अभ्यासक ह्या हालचालीला बादलीच्या कडीची उपमा देतात. कडी वर उचलली की ती बादलीपासून दूर जाते, तशी बरगडी वर उचलली की छाती रुंदावते. बरगडी हलली की मणक्याशी असलेला तिचा सांधाही किंचित हलतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर कण्याच्या सांध्यांना सौम्य व्यायाम घडत असतो.

हा व्यायाम दिवसाकाठी किती वेळा घडतो? विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारणपणे १२ ते १६ वेळा श्वास घेतो. मिनिटाला १५ धरले तर अहोरात्रात २१,६०० श्वास होतात. आपल्या योगपरंपरेत अहोरात्रातील श्वासांची हीच संख्या सांगितलेली आहे, हे अनेक श्रोत्यांना ठाऊक असेल. ज्या कण्याला रोज वीस-एकवीस हजार वेळा हळुवारपणे हलविले जाते, त्याला दुसऱ्या वंगणाची गरज फारशी पडू नये. पण श्वास वरच्यावर, गळ्याशी चालू लागला म्हणजे ही हालचाल आखडते आणि पाठ दिवसेंदिवस एखाद्या फळीसारखी होऊ लागते.

सोयरीक एवढ्यावर संपत नाही. छाती आणि पोट ह्यांना विभागणारा घुमटासारखा जो स्नायू आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वासोच्छ्वासाचे मुख्य काम हा करतो. ह्याचे मागचे दोन भक्कम पाय कंबरेच्या वरच्या दोन-तीन मणक्यांना घट्ट बांधलेले आहेत. तेव्हा श्वासाचा मुख्य स्नायू कंबरेच्या कण्यातच रोवलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. शिवाय त्याच्याकडे दुसरेही एक काम आहे. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि सायमन गँडेव्हिया ह्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक मोठा उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. उभ्या असलेल्या माणसाने हात झटकन वर उचलला, तर हाताचे स्नायू कामाला लागण्याच्या किंचित आधीच त्याचे श्वासपटल आकुंचन पावते, असे त्यांना दिसून आले. हात उचलल्याने शरीराचा तोल ढळू नये, म्हणून पोटातील दाब वाढवून कण्याला आधार देण्याचे काम श्वासपटल करते.

आता त्या बादलीपाशी थबकलेल्या गृहस्थाचे कोडे उलगडते. कंबरेत कळ आली की मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजविते. कण्याला जखम होऊ नये म्हणून पाठीचे आणि पोटाचे स्नायू आवळले जातात आणि श्वासपटलही श्वासाचे काम बाजूला ठेवून आधाराच्या कामाला जुंपले जाते. ही शरीराची शहाणी व्यवस्था आहे. शत्रू दिसताच गावाची वेस बंद करावी, तसेच हे. परंतु शत्रू निघून गेल्यावरही वेस उघडलीच नाही, तर गावाचाच कोंडमारा होतो. आवळलेले स्नायू दुखू लागतात; दुखते म्हणून माणूस आणखी आवळतो; आवळल्यामुळे श्वास आखूड होतो; आणि आखूड श्वास मज्जासंस्थेला पुन्हा हेच सांगत राहतो की, धोका अजून टळलेला नाही. अनेकांच्या पाठदुखीचे दीर्घायुष्य ह्या चक्रात असते.

हे चक्र मोडण्यासाठी माणसाने फार पूर्वीपासून दुसऱ्या माणसाच्या स्पर्शाचा आश्रय घेतलेला आहे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीला, बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल होती. गावोगावचे हाडवैद्य तर प्रसिद्धच आहेत. युरोपातही हाडे बसविणारे असे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. ह्याच जातीच्या अनुभवातून, पण एका मोठ्या सिद्धांताचा झेंडा घेऊन, जी पद्धती पुढे आली तिचे नाव कायरोप्रॅक्टिक.

तिचा जन्म अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हेनपोर्ट ह्या गावी झाला. १८४५ मध्ये कॅनडात जन्मलेला डॅनिएल डेव्हिड पामर हा तेथे चुंबकीय उपचारांचा व्यवसाय करीत असे. त्याच इमारतीत हार्वी लिलर्ड नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार झाडलोटीचे काम करी. त्याला कित्येक वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते. अवघडलेल्या स्थितीत वाकून काम करताना पाठीत काहीतरी कट्‌कन झाले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे त्याने सांगितल्याचे पामरने लिहून ठेवले आहे. पामरने त्याची पाठ चाचपली, एक मणका जागेवर नाही असे त्याला वाटले, आणि त्याने हाताने जोर देऊन तो बसविला. त्यानंतर लिलर्डला ऐकू येऊ लागले, अशी कथा आहे. परंपरेने ही घटना १८ सप्टेंबर १८९५ ह्या दिवसाची मानली जाते. पामरच्या ओळखीच्या एका धर्मोपदेशकाने 'हात' आणि 'कृती' ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ह्या उपचाराचे नाव तयार केले. १८९७ मध्ये पामरने शाळा काढली.

एका प्रसंगावरून पामरने प्रचंड मोठा निष्कर्ष काढला. शंभरातील पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. मणका सरकला की मज्जातंतू दबतो आणि मज्जातंतू दबला की त्याच्या अंमलाखालचा अवयव रोगी होतो, असे त्याचे म्हणणे होते. वस्तुतः कानाकडे जाणारा श्रवणाचा मज्जातंतू थेट मेंदूतून निघतो, तो पाठीच्या मणक्यांमधून जातच नाही. तेव्हा लिलर्डच्या बाबतीत खरोखर काय घडले असेल ते असो, पामरने दिलेले स्पष्टीकरण शरीररचनेशी जुळत नाही. परंतु सिद्धांत सुटसुटीत होता आणि सुटसुटीत सिद्धांताला पाय लवकर फुटतात. परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर तुरुंगातही जाऊन आला. १९१३ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा बार्टलेट जोशुआ पामर हा प्रचारात बापाच्याही पुढे गेला. १९२२ मध्ये त्याने डॅव्हेनपोर्टचे एक नभोवाणी केंद्रच विकत घेतले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन हे १९३२ मध्ये निवेदक म्हणून प्रथम रुजू झाले ते ह्याच केंद्रावर. सरकलेल्या मणक्याची कल्पना घराघरांत पोहोचविण्याच्या कामी ध्वनिक्षेपकही असा राबला.

डॉक्टरांच्या संघटनेने ह्या पंथाला कडाडून विरोध केला. तो विरोध पुढे इतका टोकाला गेला की, १९७६ मध्ये काही कायरोप्रॅक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर दावा लावला आणि १९८७ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, ह्या व्यवसायाला वाळीत टाकण्याचा संघटनेचा प्रयत्न बेकायदेशीर होता. मात्र त्या निकालाने व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सोडविला, सिद्धांताच्या सत्यतेचा नव्हे. तो प्रश्न संशोधनाने सोडवावयाचा होता. २०१० मध्ये ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या वैधानिक नियामक मंडळानेच जाहीर केले की, सरकलेल्या मणक्याची ही कल्पना ऐतिहासिक स्वरूपाची असून ती रोगाचे कारण आहे असे म्हणण्यास संशोधनाचा आधार नाही.

मग पाठीवर दाब देताच येणारा 'कट्' असा आवाज कशाचा? तो मणका जागेवर बसल्याचा नसतो. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. सांध्यामधील द्रवात एकाएकी दाब कमी झाला की तेथे वायूची पोकळी निर्माण होते. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढला जात असताना चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष टिपली. आवाजाने माणसाला समाधान वाटते हे खरे. पण आवाज म्हणजे उपचार नव्हे.

आणि 'गॅप'चे काय? ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा ३,११० लोकांच्या कण्याच्या प्रतिमांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजल्याचे त्यात दिसून आले. ह्या सर्वांना दुखणे काहीच नव्हते. केस पिकतात, त्वचेला सुरकुत्या पडतात, तशाच चकत्याही झिजतात. प्रतिमेत झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही. ज्या गृहस्थाने छायाचित्रातील ती रेघ पाहून नातवाला उचलणे सोडले, त्याला ही एक गोष्ट वेळीच कोणी सांगितली असती, तर त्याची कित्येक वर्षे भयमुक्त गेली असती.

येथे असा प्रश्न निर्माण होतो की, सिद्धांत चुकीचा, आवाज निरर्थक, तर मग लोकांना बरे वाटते ते कशाने? कारण काहींना बरे वाटते हे नाकारता येत नाही. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवरील २६ नियंत्रित चाचण्यांचा आढावा अमेरिकन वैद्यक संघटनेच्याच नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कण्यावरील हस्तोपचाराने सहा आठवड्यांपर्यंत वेदना आणि हालचाल ह्यांत अल्पसा लाभ होतो, असे त्यात आढळले. वेदना शंभर अंशांच्या मापाने मोजली तर हा लाभ दहा अंशांच्या आसपास भरला. लाभ लहान आहे, पण शून्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम आणि मानसिक आधार ह्यांच्या जोडीला हस्तोपचाराला आणि मालिशला स्थान दिलेले आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याच व्यवसायातील एक शांत शाखा मोठी सूचक ठरते. सर्वच कायरोप्रॅक्टर जोराचा झटका देत नाहीत. नेब्रास्का राज्यातील मेजर बर्ट्रँड डीजार्नेट ह्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्णाच्या कमरेखाली पाचरीच्या आकाराच्या उशा ठेवतात आणि त्याच्या शरीराचे वजन व त्याचा श्वास हेच काम करतात. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमधील डोनाल्ड एपस्टीन ह्यांनी आणखी हलक्या स्पर्शाची पद्धती पुढे आणली. तिच्यात मनुष्य कपड्यांनिशी पालथा झोपतो. उपचार करणारा मानेशी किंवा माकडहाडाच्या वर बोटांनी अगदी अलगद स्पर्श करतो, क्षणभर थांबतो, हात काढून घेतो आणि श्वासाकडे पाहत राहतो. प्रारंभी श्वास केवळ खांद्यांशी घुटमळत असतो. काही वेळाने एखादा दीर्घ निःश्वास सुटतो आणि मग पाठ माकडहाडापासून मानेपर्यंत संथ लाटेसारखी वरखाली होऊ लागते.

ह्या पद्धतीचे पुरस्कर्ते तिचे स्पष्टीकरण मज्जारज्जूच्या आवरणावरून देतात. ते आवरण मानेच्या वरच्या भागी आणि त्रिकास्थीशी बांधलेले असते, हे शरीररचनेच्या दृष्टीने खरे आहे. परंतु तेथे हलकेच स्पर्श केल्याने सर्व कण्याचा ताण सुटतो, हे सिद्ध झालेले नाही. १९९७ मध्ये ह्या पद्धतीचा लाभ घेणाऱ्या सुमारे २,८०० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि बहुतेकांनी आपल्याला बरे वाटत असल्याचे नमूद केले. पण ती माहिती त्यांनी स्वतःच भरून दिली होती आणि तुलनेसाठी उपचार न घेतलेला दुसरा गट नव्हता. देवळातून बाहेर पडणाऱ्यांनाच देव पावतो काय असे विचारावे, तसा हा प्रकार झाला. तेव्हा एवढेच म्हणता येते की, हलक्या स्पर्शाचे गुण गाणारे पुष्कळ आहेत, मोजणारे मात्र थोडे आहेत.

तरीही जेथे हाड हलविण्याइतका जोरच लावलेला नाही, तेथे पाठ सैल झाली, तर ती हाड बसल्यामुळे सैल झाली असे कोणालाच म्हणता येणार नाही. मग सैल झाले ते काय? तर मज्जासंस्थेने बसविलेला पहारा. ह्याला पोषक असे काही शास्त्रीय ज्ञान आज हाती आहे. हळुवार, संथ स्पर्शाला प्रतिसाद देणारे विशिष्ट मज्जातंतू मानवी त्वचेत असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले. मऊ स्पर्श सुखद आणि आश्वासक का वाटतो, ह्याचा उलगडा त्यातून होऊ लागला. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती मंदावते, हेही सर्वमान्य आहे. म्हणजे दीर्घ उच्छ्वास हा हृदयाला विश्रांतीचा निरोप असतो. आईच्या हाताने पाठ थोपटली की रडणारे मूल हुंदका देऊन एक लांब श्वास सोडते आणि झोपी जाते. जे मुलाच्या बाबतीत घडते, ते प्रौढाच्या बाबतीत घडू नये असा काही निसर्गाचा नियम नाही.

ही गोष्ट कण्याकडून न पाहता श्वासाकडून पाहणारे लोक युरोपात होते. बर्लिनमध्ये इल्झे मिडेंडॉर्फ ह्या विदुषींनी १९६५ मध्ये श्वासाच्या शिक्षणाची संस्था स्थापन केली. त्यांची शिकवण थोडक्यात अशी की, श्वास ओढू नये, लांबवू नये, मोजू नये. तो येऊ द्यावा, जाऊ द्यावा आणि पुन्हा आपणहून येईपर्यंत थांबावे. श्वासाच्या कामी इच्छेने ढवळाढवळ न करता केवळ जाणीव ठेवणे, एवढेच तिचे सार. ही दृष्टी भारतीय मनाला परकी वाटण्याचे कारण नाही. बौद्ध परंपरेतील आनापानसती हीच आहे आणि नाशिकजवळ इगतपुरी येथील विपश्यना केंद्रात १९७६ पासून हजारो लोक शिबिराची सुरुवात ह्याच अभ्यासाने करीत आले आहेत. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले, तेव्हा श्वास हाही मोजून पाहण्याचा विषय आहे, ही जाणीव आपल्याकडे रुजली. प्राणायामात श्वासाचे नियमन असते, तर येथे केवळ निरीक्षण असते, हा भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे.

पाठदुखीवर ह्याचा उपयोग होतो काय, हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे तपासले गेले. जुनाट कंबरदुखीच्या ३६ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला मिडेंडॉर्फ ह्यांच्या परंपरेतील श्वासाचे शिक्षण, त्यात शिक्षकाचा सौम्य हस्तस्पर्शही आला, आणि दुसऱ्या गटाला उत्तम प्रतीची भौतिकोपचार चिकित्सा, असे सहा ते आठ आठवडे चालले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि तिचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. ३६ ही संख्या लहान आहे. तेवढ्यावरून डंका पिटणे योग्य नव्हे. तथापि श्वासाकडे लक्ष देणे हा निव्वळ मनाचा खेळ नाही, एवढे म्हणण्याइतका आधार त्यातून निश्चित मिळतो.

येथे सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. मान झटक्याने वळवून आवाज काढण्याचे प्रकार आज हातातील भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सर्रास पाहावयास मिळतात, आणि ते पाहून घरी किंवा केशकर्तनालयात त्यांचे अनुकरणही होते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या मणक्यांच्या अगदी लगत असतात. अशा झटक्यानंतर धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत आणि प्रत्येक वेळी झटकाच कारण होता काय ह्याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्यात लाभ लहान आणि हानी झालीच तर ती भरून न येणारी, असा व्यवहार शहाण्याने करू नये. दुसरे असे की, प्रत्येक पाठदुखी ताणाचीच असते असे नाही. पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणे, लघवी किंवा शौच ह्यांवरील ताबा जाणे, पाठदुखीबरोबर ताप येणे किंवा अकारण वजन घटणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा हाडे ठिसूळ झालेली असणे, ह्यांपैकी काहीही असेल तर कोणाचाही हात पाठीला लागण्यापूर्वी डॉक्टरांना दाखविले पाहिजे. तेथे श्वासाचे निरीक्षण करीत बसणे म्हणजे घराला आग लागली असता माळ जपत बसण्यासारखे आहे.

ज्याला असे काही नाही, ज्याची पाठ केवळ आखडलेली आणि मन केवळ धास्तावलेले आहे, त्याला मात्र एक साधा प्रयोग घरी करता येतो. त्यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा. जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि उताणे पडून गुडघे उभे करावेत. तळवे जमिनीला टेकलेले असावेत. दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर अलगद ठेवावेत. श्वास मुद्दाम खोल घेऊ नये. तो कोठे पोहोचतो आणि कोठे अडतो, एवढेच पाहावे. श्वास सुटला की घाई न करता पुढचा आपणहून येईपर्यंत थांबावे. हळूहळू पाठीचा कोणता भाग सतरंजीला टेकला आहे आणि कोणता अधांतरी आहे, हे कळू लागते. काही मिनिटांनी हाताखालच्या बरगड्या बाजूला सरकू लागतात आणि पाठ जमिनीवर अधिक पसरते. घेरी आल्यासारखे वाटल्यास हा प्रयोग थांबवावा. दहा मिनिटे पुरेत. पुढे हीच जाणीव कचेरीतील खुर्चीत, आगगाडीच्या प्रवासात, ओट्याशी उभे असताना ठेवता येते. आणि वजन उचलताना श्वास कोंडून न धरता तो सोडत सोडत उठावे, ही सवय लावून घ्यावी. ह्याच्या जोडीला रोज थोडे चालणे हवेच. कारण अंथरुणाला खिळून राहिल्याने आखडलेली पाठ अधिकच आखडते.

डॅव्हेनपोर्टच्या त्या खोलीत सुरू झालेली ही कथा अशा प्रकारे हाडाकडून श्वासाकडे येऊन पोहोचते. पामरचा सिद्धांत टिकला नाही, पण दुखऱ्या पाठीवर समंजस हात ठेवावा ही माणसाची जुनी प्रेरणा टिकली. पायाळूच्या पायात काही दैवी शक्ती नव्हती. तो येईपर्यंत आणि त्याचा पाय लागेपर्यंत आता बरे वाटणार ह्या भरवशाने रोखलेला श्वास सुटत असे, एवढे त्याचे श्रेय त्याला देण्यास हरकत नसावी. अनुभवी उपचारकाचा हातही बहुधा तेच करतो. तो मणका बसवीत नाही. धोका टळला आहे, आता पहारा उठवावयास हरकत नाही, असा निरोप तो मज्जासंस्थेला पोहोचवितो. हा निरोप देण्याचे दुसरे साधन प्रत्येकाच्या जवळ जन्मापासून आहे.

म्हणून दुखऱ्या पाठीच्या माणसाशी बोलताना शब्द जपून वापरले पाहिजेत. मणका सरकला, गॅप पडली, आता संपले, अशी वाक्ये सहज तोंडातून जातात. परंतु ऐकणाऱ्याच्या पाठीत ती वर्षानुवर्षे रुतून बसतात. पाठीचा कणा हा काचेचा नाही. भार वाहण्यासाठी, वाकण्यासाठी आणि पुन्हा सरळ होण्यासाठीच तो घडलेला आहे. बादलीपाशी थबकलेल्या त्या गृहस्थाला अनेकांनी अनेक गोष्टी सांगितल्या. त्यांतील सर्वांत खरा आणि सर्वांत स्वस्त सल्ला त्याच्या पत्नीने पहिल्याच क्षणी दिला होता. तो त्याने मानला, तर पुढच्या खेपेस नातू हात पसरून समोर उभा राहील तेव्हा त्याला उचलून घेण्यास त्या गृहस्थाला भय वाटण्याचे कारण उरणार नाही.